पुढे चाललेली सायकल

मागचा हॉर्न थांबायचं नाव घेईना. विपुलने आरशात पाहिलं. मागे कंपनीची बस, तिच्या मागे टँकर आणि त्यामागे गाड्यांची रांग पार सालवडच्या वळणापर्यंत गेलेली. पुढे रस्ता मोकळा होता. मोकळा म्हणजे, एक सायकल सोडून.

सायकल पुरुषाची होती, चालवणारी बाई होती. पंजाबी ड्रेसवर तिने ढगळ खाकी शर्ट घातला होता. त्याच्या पाठीवर चमकणारी पिवळी पट्टी. ती घाई करत नव्हती. तिच्यामागे विपुलचा मासळीचा टेम्पो बैलगाडीसारखा चालला होता. बर्फाचं पाणी फळ्यांतून रस्त्यावर गळत होतं.

एक मोटारसायकलवाला खिडकीशी येऊन हळू झाला. "क्या भाई, बारात निकाली है क्या?"

विपुलची नजर त्या पिवळ्या पट्टीवरून हलत नव्हती.

तो शर्ट त्याने आधी पाहिला होता. उन्हाळ्यात, याच रस्त्यावर. तेव्हा आत माणूस दुसरा होता. त्या सकाळी दांडी गावाहून निघायलाच उशीर झाला होता, बोईसरच्या बाजारात कोळणी खोळंबल्या होत्या, आणि पुढचा सायकलवाला कडेला सरकत नव्हता. कडेला खड्डे आहेत हे विपुलला माहीत होतं. तरीही त्याचं डोकं फिरलं. रस्ता काय यांच्या बापाचा आहे, असं पुटपुटत त्याने हॉर्न दाबून धरला आणि टेम्पो शेजारून काढला. काहीतरी लागलं. हलकंच, फांदी घासावी तसं. आरशात त्याला गवतात पडलेला खाकी शर्ट दिसला आणि वर आलेलं सायकलचं चाक. चाक फिरत होतं. उठेल, असं म्हणून तो पुढे गेला.

माणूस उठला नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कळलं. नामदेव नाव होतं त्याचं. घरची चिकूची वाडी होती, शिवाय कंपनीत कामाला जायचा. विपुलला कोणी काही विचारलं नाही. पण डोळे मिटले की चाक फिरायला लागायचं. "झोपत का नाय तुमी?" बायकोने, रुचिताने, कितीदा विचारलं. उकडतंय, असं तो म्हणायचा. पाऊस लागला तरी तेच म्हणायचा.

पावसाळा सरला आणि एका सकाळी तो शर्ट पुन्हा त्याच्यापुढे चालताना दिसला. तीच सायकल, तीच पट्टी. विपुलने ब्रेक मारला तसे मागचे बर्फाचे खोके धडाधड घसरले. ती बाई आहे, हे कळायलाही त्याला वेळ लागला.

"नामदेवची बायको ती, वत्सला," टपरीवाला म्हणाला. "नवऱ्याच्या जागेवर लागली असेल कंपनीत."

त्या दिवसापासून विपुल तिच्या पुढे गेला नाही. रोज ती वळणाजवळ दिसायची आणि तो मागे राहायचा. हॉर्न नाही, घाई नाही. शाळेची पोरंसुद्धा सायकलींवरून त्याच्या पुढे निघून जायची. मागून कोणी घुसायला बघितलं, तर टेम्पो थोडा मधे घ्यायचा. कंपन्यांच्या नाक्यावर ती आत वळली की तो श्वास सोडायचा. तिला नीट पोचवलं की त्या रात्री चाक जरा कमी फिरतं, असं त्याला वाटू लागलं होतं. बाजारात बोलणी बसायची. ती तो गुमान खायचा.

आज मात्र एका पांढऱ्या कारचा धीर सुटला. ती रांग सोडून उजवीकडून सुसाट पुढे आली. समोर कंटेनर दिसताच डावीकडे घुसली, अगदी सायकलला चाटून. वत्सला सायकलसकट कडेच्या मातीत कोसळली. कार निघून गेली.

विपुल टेम्पो तसाच सोडून धावला. मागच्या गाड्या शिव्या देत बाजूने जाऊ लागल्या.

"काकी, लागलं काय?"

"नाय. खरचटलंय."

त्याने सायकल उभी केली. पुढचं चाक गुडघ्यांत धरून वाकडं झालेलं हँडल सरळ केलं. "या वेळेला नका येत जाऊ, काकी. कंपनीत सांगून पाळी बदलून घ्या."

"कंपनीत?" वत्सलाने त्याच्याकडे नीट पाहिलं. "मी कुठं कंपनीत जाते? नाक्यावरनं आत वळते. तू पुढं गेलास का मी परत घरी जाते."

विपुलला काही समजेना.

"आमचे हे संध्याकाळपर्यंत शुद्धीवर होते," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "टेम्पो कुठला, ते सांगून गेले. मी पोलिसांना बोलले. अशे टेम्पो या रस्त्याला किती हायत, म्हणाले ते."

मागून हॉर्न वाजतच होते.

"या टायमाला शाळेची पोरं सायकलीवर असतात," वत्सला म्हणाली. "मी पुढं असले का तू हळू चालवतोस. म्हणून वळणावर तुझी वाट बघते."

तिने त्याच्या हातातून सायकल घेतली, शर्टाची माती झटकली आणि सायकल घराच्या दिशेने वळवली.

"उद्या वेळ चुकवू नको," ती म्हणाली. "मी थांबलेली असते."