ज्योत्सनाची फेरी

भोंपू वाजला आणि ललिताबाई गंजात धान घेऊन दारात आली. मग तिला आठवलं. गंज हातात धरून ती तशीच उभी राहिली.

तिचं एकटीचंच असं झालं नव्हतं. एकोडीहून हायवेकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर एकेक दार उघडत होतं आणि दारादारात एकेक बाई धान घेऊन उभी होती. भोंपू वाजला की मासळी आली, गंजभर धान द्यायचं आणि मासळी घ्यायची, हे हातांच्या इतकं अंगवळणी पडलेलं की डोक्याला कुणी विचारलंच नाही. मांजरं तर केव्हाच रस्त्यावर येऊन बसली होती. ज्योत्सनाची काल तेरवी झाली, हे त्यांना कोण सांगणार?

भोंपू वाजवत आलेली सायकल मासळीवाल्या ज्योत्सनाचीच होती. मागे मासळीची पाटी, रिकामी. हायवेच्या वळणावर रेतीच्या ट्रकनं ज्योत्सनाला उडवलं तेव्हा सायकलचं पुढचं चाक पार दुमडलं होतं. भोजराज मिस्त्रीनं कुणी न सांगता ते सरळ करून आणून दिलं. हँडल मात्र त्याला साधलं नाही, ते जरा डावीकडेच बघत होतं. आज सीटवर ज्योत्सनाची मुलगी मनाली होती, नववीतली. मागून पाटी घट्ट धरून तिचा बाप धनराज चालत होता. आणि त्यांच्या मागे मासेमार ढिवरांचा अख्खा मोहल्ला.

"माही सून ज्या रस्त्यानं रोज गेली, त्या रस्त्यानं तिले एक डाव मिरवत नेऊ," असं म्हातारी सखाबाई तेरवीच्या पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाली होती. आईपुढे धनराजचं काही चाललं नाही. पण त्यानं आपली अट घातलीच. फेरी हायवेपर्यंत. तिथून मागे फिरायचं आणि सायकल तलावात सोडायची. मनालीची शाळाही बंद, कारण शाळा साकोलीला, हायवेच्या पलीकडे. "एक गेली तेवढी पुरे झाली," तो म्हणाला होता. मनाली ताटावरून उठून गेली होती.

ललिताबाई पुढे आली. तिनं गंजातलं धान पाटीत ओतलं.

"मच्छी नाही ना आज, काकू," मनाली म्हणाली.

"असू दे. तिनं मले कधी रिकाम्या गंजानं वापस धाडलं नाही. मी कशी धाडू?"

मग दुसरी आली, तिसरी आली. पाटीत धान पडत राहिलं, आणि धानाबरोबर एकेक गोष्ट. बाळंतिणीला मुरी मासा लागतो म्हणून ज्योत्सना तलावात स्वतः उतरली होती. कुणाच्या औषधाची चिठ्ठी साकोलीला नेली होती. "आमच्या डिंपलले सायकल कोनं शिकवली? तिनंच!" शकुनबाई म्हणाली. मागून पाच-सात पोरींच्या सायकलींच्या घंट्या वाजल्या. धनराजनं वळून पाहिलं. आपल्या बायकोनं एवढ्या पोरींना सायकल शिकवली, हे त्याला आजच कळत होतं. पंधरा-सोळा वर्षांचा संसार, आणि दिवसभर ही बाई रस्त्यावर काय करते हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

धान दिलेल्या बायका घरात परतल्या नाहीत. रिकामे गंज घेऊन त्याही चालू लागल्या.

हायवे आला. ट्रकमागून ट्रक जात होते. धनराजनं पाटी मागे ओढली.

"बस. वापस चाल."

मनाली उतरली नाही. एक पाय जमिनीला टेकवून ती समोर बघत राहिली.

तेव्हा बायका धनराजला ओलांडून पुढे गेल्या. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. हात धरून, गंज काखेत घेऊन त्या हायवेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडव्या उभ्या राहिल्या. ब्रेक किंचाळले. पहिल्या ट्रकच्या ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

"कोई मंत्री आ रहे क्या?"

"मंत्र्यासाठी कोन उभं रायते, बापू?" शकुनबाई म्हणाली. "आमची मच्छीवाली जाऊन राहिली."

ड्रायव्हरनं सायकलकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. इंजिन बंद केलं. मागच्यानंही केलं, त्याच्याही मागच्यानं. असली शांतता त्या रस्त्यानं तो झाल्यापासून ऐकली नसेल. मनालीनं पायडल मारलं. हायवेच्या मधोमध, एवढ्या गाड्यांच्या गर्दीत, सायकलच्या चेनची करकर ऐकू येत होती. धनराज पाटी धरून मागे धावत होता आणि रडत होता, आणि ते लपवायचं त्याला सुचत नव्हतं.

पलीकडच्या पहिल्याच घरापुढे गिरजाबाई बसली होती. नव्वदीची म्हातारी, डोळ्यांनी अधू. तेरवीचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं की ती विसरली होती, कोण जाणे. तिनं पाटीत हात घातला.

"हे तं धान हाये! मच्छी कोठी हाये वं पोरी?" ती वैतागली. "उद्या झिंगे आनजो. तुही माय आनते."

मनालीनं मागे वळून बापाकडे पाहिलं.

धनराजला अजून दम लागलेला होता.

"उद्या नाही, माय," तो म्हणाला. "उद्या तिची शाळा हाये. आयतवारी आनून देईल."