पाच बोटं

"मॅडम, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तुमच्या मशीनला दुसऱ्याची बोटं लागली. एकामागं एक, पाच. कोण होतं?"

हारुनच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच शीतलला जास्त धसका बसला. जालना एमआयडीसीतल्या बियाणं कंपनीचे सगळे लॅपटॉप त्याच्या ताब्यात असत, ऑफिसातलेही आणि लोकांच्या घरी गेलेलेही. कुणाचं मशीन कुठं आणि कुणी उघडलं, हे त्याला बसल्या जागी दिसे. शीतलचं मशीन घनसावंगीत तिच्या घरी होतं आणि ते त्याच्या पडद्यावर लाल झालं होतं. म्हणजे कुलूपबंद.

ती फोन कानाला लावून, न्हाणीतून ओल्या केसांनीच पुढच्या खोलीत आली. देवापुढच्या पाटावर खंडेनवमीची पूजा मांडली होती. विळा, खुरपं, कुऱ्हाड, नवऱ्याचा फवारणीचा पंप, आणि मधोमध झेंडूचा हार घातलेला लॅपटॉप. झाकण उघडं. खालच्या कोपऱ्यात जिथं शीतल रोज सकाळी बोट टेकवून मशीन उघडायची, नेमकं तिथंच ओल्या कुंकवाचा थर बसला होता.

शेजारी तिची सासू, चतुराबाई, ताट धरून उभी होती. दोन वर्षं या बाईनं त्या लॅपटॉपला डबडं म्हटलं होतं. सून दिवसभर डबडं मांडून बसते, हे गल्लीत कुणाला सांगायचं राहिलं नव्हतं. आणि आज तेच डबडं तिनं स्वतःच्या हातानं विळ्याशेजारी बसवलं होतं.

"झाकल्याली पूजा कशी करायची, म्हणून उघडलं," ती जरा ओशाळून म्हणाली. "तू रोज तिथंच बोट लावतीस, मंग म्हणलं कपाळ तिथंच आसंल त्याचं. पाची बोटांनी लावलं. बराबर लागलं का?"

शीतलनं मान डोलावली. तिला रडू येत होतं आणि हसूही.

"मॅडम, ऐकून राह्यलात ना?" फोनवर हारुन होता. "मला कागदावर लिहावं लागतं. घरचं कुणी होतं का अनोळखी? अनोळखी म्हणलात तर पोलिसात तक्रार द्या, ते घरी येऊन विचारपूस करतील. पण तुमचं घरून काम चालू राहील."

"आणि घरचं म्हणलं तर?"

"तर घरून काम बंद. मशीन जमा करायची आणि रोज ऑफिसात यायचं. गेल्या महिन्यात एकाच्या घरातून नव्या वाणाची माहिती बाहेर गेल्ती. तवापासून वरचे बिलकुल ऐकून घेत न्हाईत."

"हारुनभाई, आज खंडेनवमी..."

"थांबा मॅडम," तो घाईनं म्हणाला. "हा फोन रेकॉर्ड होऊन राह्यला. जास्ती बोलू नका. एकच शब्द सांगा, मी तेवढाच लिहितो."

त्याच्या मागं घंटा वाजत होती. कंपनीतही आज पूजा चालली होती.

"इथंबी सगळ्या मशीनींना हार घातले," तो आवाज उतरवून म्हणाला. "माझ्याबी. पण इथली बोटं कुणी मोजत न्हाई."

आठवड्यातून दोनच दिवस जालन्याला जायचं, तिसरा दिवस लागला तर नोकरी सोडायची, या बोलीवर शीतलला घरातून होकार मिळाला होता. जायला दोन तास, यायला दोन, आणि घरी तीन वर्षांची पायल. तेव्हा घरचं म्हटलं की नोकरी गेली, हे उघड होतं. अनोळखी म्हटलं की वाचली. शब्द अगदी ओठांवर आला होता. मग तिच्या डोळ्यांपुढं आलं की हवालदार दारात उभा आहे, आणि चतुराबाई पाची बोटं पुढं करून सांगते आहे, मीच लावलं, हौसेनं लावलं. तिनं सासूकडं पाहिलं. बोटं अजून लालच होती.

"घरचंच माणूस होतं," शीतल म्हणाली.

"विचार करून सांगा, मॅडम."

"केला, हारुनभाई. लिहा तुम्ही."

"मंग उद्याचा दसरा होऊ द्या. परवा मशीन घेऊन या," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

चतुराबाईला फोनवरचं काही कळलं नव्हतं. घरचंच माणूस, एवढं मात्र तिनं नीट ऐकलं होतं आणि ते तिला आवडलं होतं.

"काय म्हणत होता साहेब?"

"पूजा पोचली म्हणाले."

"मंग!" चतुराबाईचा चेहरा फुलला. "आता आज हात लावू नको बरं त्याला. पुजल्यालं उचलायचं नसतं."

"न्हाई लावत, आत्याबाई."

पायल डोळे चोळत बाहेर आली आणि हार घातलेल्या लॅपटॉपपुढं थबकली. पडद्यावर कुलपाचं चित्र तेवढं दिसत होतं. चतुराबाईनं नातीला जवळ ओढलं, तिचे दोन्ही हात धरून जोडले आणि म्हणाली, "पाया पड. तुझ्या आईचं हत्यार हाय ते."