बाबांची झोप

नाश्ता करताकरता दिगंबरचा डोळा लागला, तेव्हा वनिताताईंनी त्याच्या हातातला चमचा काढून घेतला. नवरा रात्री नऊलाच झोपला होता, सहाला उठला होता. आता तासाभरात त्याला चाळीस प्रवाशांची बस घेऊन घाट उतरायचा होता.

बापलेकीत काहीतरी शिजत होतं. त्यांनी हॉस्टेलवर शीतलला फोन लावला.

"रात्री झोपलीस का गं?"

"छे! अख्खं पुस्तक संपवलं, आई."

"आठवडाभर जागतेस आणि आवाज एवढा टवटवीत?"

वनिताताईंनी नवऱ्याची बाही वर सारली. मनगटावर झोपेचा पट्टा होता; दवाखान्यात नातेवाइकांची झोप आजाऱ्याला देतात, तसला. जोडीचा दुसरा शीतलच्या हातावर असणार.

"अहो, पोरगी तुमची झोप चोरतेय!"

"चोरत नाही, मीच देतो," तो डोळे मिटूनच म्हणाला. "मला कुठे पेपर लिहायचाय?"

"घाट कोण उतरणार? आज रजा टाका."

त्यांनी पट्टा सोडवून स्वतःच्या मनगटावर बांधला.

"आई, मग माझं काय? परवा पेपर आहे."

"माझी घे की! पण तुझ्या परीक्षेत मला झोप लागते कुठे? तेव्हा मुकाट्यानं पुस्तक मिट आणि स्वतःची स्वतः झोप."