खेटलेले खड्डे

इंगवलेबाईंनी भिंगातून खड्डा मोजला. कडकपणा तपासणाऱ्या मशीनची पोलादी गोळी ट्रॅक्टरच्या ॲक्सलमध्ये तिसऱ्यांदाही खोलच रुतली होती. म्हणजे लोखंड मऊ होतं.

“जुन्या खड्ड्याला खेटून दाबा,” साहेब दारातूनच म्हणाले. “माल न्यायला आलेली गाडी खोळंबलीय.”

बावीस वर्षं बाई हेच ऐकत आल्या होत्या. एकदा दबलं की आजूबाजूचं लोखंड कडक होतं. तिथे दाबलं की खड्डा लहान पडतो आणि माल पास होतो.

आज मात्र त्यांनी कोऱ्या जागी गोळी टेकवली.

“बाई, खेटून म्हणालो मी.”

गेल्या आठवड्यात परत आलेला, तुटलेल्या ॲक्सलचा तुकडा बाईंनी टेबलाखालून उचलून वर ठेवला. त्यावर दोन खड्डे एकमेकांना खेटून होते.

“हा मीच दाबला होता, साहेब,” त्या म्हणाल्या. “चालवणारा अजून दवाखान्यात आहे.”