पाच दहाचा संदेश

“काका, असा आदेश आला असेल तर तो तुमच्याच हातात आला असेल ना?” चैतालीने तिसऱ्यांदा विचारलं.

गांगुर्ड्यांच्या हातातली बशी हिंदकळली. पायजम्यावर चहा सांडला. तो डाग ते उगाच पुसत राहिले.

“अहो, कालच फोन करून आलीय ती, काहीतरी विचारतेय,” त्यांच्या पत्नी लताबाई आतून म्हणाल्या. “सकाळी आधार कार्डाची झेरॉक्स काढायला तासभर लागला, आता उत्तर द्यायला दोन तास लावा.”

जयराम गांगुर्डे चाळीस वर्षांपूर्वी फौजेत होते. सरहद्दीवरच्या एका खिंडीत, ब्रिगेडच्या संदेशखोलीत कारकून. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी नाशिकच्या एका वाचनालयात पुस्तकं बांधण्यात आणि चिठ्ठ्यांवर तारखा मारण्यात घालवलं. सकाळी आल्या आल्या ते दिवसभराच्या चिठ्ठ्यांवर शिक्के मारून मोकळे व्हायचे. माणूस मागाहून येईना का. ही खोड फौजेतलीच. आधी नोंद, मग काम.

त्या खिंडीची गोष्ट शाळेतल्या पोरांनाही पाठ होती. दिल्लीतले सचिव धनराज पगार यांनी तारेने आदेश धाडला, ठाणं सोडा. ब्रिगेडियर रायरीकरांनी तो आदेश फाडून फेकला आणि ते पाय रोवून उभे राहिले. पहाटे शत्रू मागे फिरला. ब्रिगेडियरचे पुढे जनरल झाले. पगारांना लोकांनी बांगड्यांचा आहेर पाठवला.

चैताली ही त्या पगारांची मुलगी.

“बाबा मरेपर्यंत म्हणत होते, असा आदेश मी काढलाच नाही. आईशिवाय कुणी ऐकलं नाही त्यांचं. येवल्याजवळ आमच्या गावात बाबांनी घरची पुस्तकं देऊन वाचनालय काढलं. रविवारी त्याची पाटी उतरवणार आहेत. बाबांचं नाव काढून जनरलसाहेबांचं लावायचं. साहेब स्वतः येणार आहेत पाटी लावायला.”

“मला आता आठवत नाही, ताई.”

“काका, तुम्हाला खोटं बोलता येत नाही.”

गांगुर्ड्यांनी मान खाली घातली. सगळं आठवत होतं. तोफा धडधडत होत्या. छतावरून माती गळत होती. हातात कागद होता, अतितातडीचा. त्यांनी रजिस्टरात सवयीने वेळ टाकली, पाच दहा, आणि पुढचा गोळा अंगणातच पडला. त्यानंतर ते टेबलाखाली होते. किती वेळ, देव जाणे. बाहेर आले तेव्हा उजाडलं होतं, लढाई संपली होती, आणि कागद तसाच खिशात होता. जिथे पोचायचा तिथे तो पोचलाच नव्हता.

युद्धात संदेश दाबला म्हणजे कोर्ट मार्शल. तेव्हापासून दारात पोस्टमन उभा राहिला तरी त्यांच्या छातीत धडधडायचं.

चैताली उठली. गांगुर्ड्यांनी कपाटातून एक जुनं, जाडजूड पुस्तक काढलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या हाती दिलं.

“तुमच्या वाचनालयासाठी. पुठ्ठा सैल झालाय. घरी गेल्यावर नीट बघा.”

ती ओशाळं हसली. तिला पुस्तक नको होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. ड्रायव्हर म्हणाला, “देवळालीहून आलोय. साहेबांनी बोलावलंय.”

“कशाला?” लताबाईंनी विचारलं.

“ते काय मला सांगणार, मावशी?”

लताबाईंनी गांगुर्ड्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. “घाबरता काय? एवढा मोठा माणूस, चहाच पाजेल.”

गांगुर्ड्यांनी एक पाकीट खिशात घातलं. रस्त्यात दोनदा वाटलं, गाडी थांबवावी आणि उतरून चालू लागावं.

जनरल रायरीकर व्हरांड्यात बसले होते. नव्वदी ओलांडली तरी पाठ ताठ. त्यांनी नोकराला आत पाठवलं.

“पगारची मुलगी आली होती तुझ्याकडे.”

“हो, साहेब.”

“काय सांगितलंस?”

“आठवत नाही म्हणालो.”

“शाबास.” जनरल पुढे झुकले. “आणि खरं काय आठवतं?”

गांगुर्ड्यांनी पाकिटातला कागद काढून टेबलावर ठेवला. “हा पोचलाच नाही, साहेब. मी टेबलाखाली होतो. माझी चूक झाली.”

जनरलांनी चष्मा चढवला. कागद वाचताना त्यांचे ओठ पांढरे पडले.

“पण रजिस्टरात वेळ आहे. पाच दहा. दुसऱ्या दिवशी मी स्वतः पाहिली होती.”

“वेळ मी आधीच टाकायचो, साहेब. काम मागाहून.”

जनरल हसू लागले, खोकला येईपर्यंत. डोळ्यांत पाणी आलं.

“म्हणजे हा कुणीच वाचला नाही? चाळीस वर्षं मला एक रात्र धड झोप नाही, गांगुर्डे. आणि हा तुझ्या खिशात!”

त्यांनी कागदाच्या आडव्या पट्ट्या फाडल्या, दोन, मग चार, मग आठ, आणि व्हरांड्याच्या फरशीवर उधळले.

“जा आता घरी. रविवारी ये पाटी बघायला. गाडी पाठवतो.”

गांगुर्डे हलले नाहीत.

“साहेब, ही झेरॉक्स आहे. मूळ कागद काल चैतालीताईंबरोबर येवल्याला गेला.”

जनरलांचं हसू तिथेच थिजलं. वाऱ्याने एक तुकडा घसरत गांगुर्ड्यांच्या चपलेपाशी आला. शेवटच्या दोन ओळी त्यावर होत्या, घाईत लिहिलेल्या, तरी ताठ हस्ताक्षरात स्पष्ट: ‘आता तग धरणे अशक्य. ठाणे सोडून माघार घेण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. ब्रिगेडियर रायरीकर.’