नळाची उंची

"काका, फिल्टर कुठं लावू?" ड्रिल सरसावत फिल्टरवाल्याने विचारलं.

ताडमाड उंचीच्या काकांनी भिंतीवर पार खाली, ओट्याच्या जरा वर बोट ठेवलं. "इथंच लाव. वर लावलास तर तुझ्या काकूचा हात पोचायचा नाही. मग घोटभर पाण्यासाठी घर डोक्यावर घेते ती!"

फिल्टरवाला हसला. त्याने भोकं पाडली, फिल्टर बसवला, टाकी भरून पाणी येतंय ना ते पाहिलं.

"आता काकूंना बोलवा. हात पोचतो का बघू."

हाक मारायला काका वळले आणि तसेच थांबले.

"ती गेली रे. सवयीने बोलून गेलो."

फिल्टरवाल्याचा हात पुन्हा ड्रिलकडे गेला. "मग... वर घेऊ का?"

"राहू दे," काका म्हणाले. "वाकीन मी."