अस्वलाचं डोकं

खेळण्यांच्या दुकानासमोर रणरणत्या उन्हात अस्वल नाचत होतं आणि नर्सताईची चिमुकली भाची टाळ्या पिटत होती. अस्वलाच्या आत तिचा बाबाच आहे, हे फक्त नर्सताईला ठाऊक होतं. आज त्याचा पहिलाच दिवस. अचानक अस्वलाचा ठेका चुकला, पाय लटपटले. ताई गर्दीत मुसंडी मारून पोचली. “डोकं काढ!” “नको ताई, पोरगी बघतेय. मी चांगला धडधाकट आहे!” “कालपर्यंत तापाने फणफणत होतास, उन्हाची सवय नाही. तुझ्यासारखेच आधी कोसळतात!” तिने ते केसाळ मुंडकं खसकन उपटलं. मुलं किंचाळली. ताईने लालबुंद भावाला सावलीत ओढलं, अंगावरचा पोशाख उतरवला, डोक्यावर पाणी ओतलं. हळूहळू तो सावरला आणि लेकीकडे बघून ओशाळला. लेक मात्र आनंदाने उड्या मारत गर्दीला ओरडून सांगत होती, “बघा बघा, माझा बाबा अस्वल आहे!”